शनिवारचं रजिस्टर आणि पॉवरशेल

आमच्या कॉलेजात संगणकाच्या तीन लॅब. पहिल्या दोन लॅबमध्ये विंडोजची २६-२६ मशीन, तिसरीत उबुंटूची (म्हणजे लिनक्सची) १२. एकूण ६४. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं कॉलेज, त्यामुळे आयटी विभाग वगैरे प्रकार नाही. लॅब असिस्टंट म्हणून मी आणि कुलपं-किल्ल्या सांभाळणारे शिपाईमामा. बस्स.

या मशीनची एक देखभाल नोंदवही असते. तिच्यात एक रकाना आहे: 'सी ड्राइव्ह, मोकळी जागा'. दर शनिवारी तासिका संपल्या की मी पहिल्या मशीनपासून सुरू करायचे. मशीन चालू करायचं, लॉगिन व्हायची वाट बघायची, 'धिस पीसी' उघडायचं, निळी पट्टी कुठवर आली ते बघायचं, आकडा लिहायचा, पुढच्या खुर्चीवर सरकायचं. अडीच तास जायचे. खरं सांगते, विसाव्या मशीनच्या पुढे मी दर वेळी बघायचेच असं नाही. मागच्या शनिवारी ३३ होते ना, मग आज ३१ लिहा. रजिस्टर काही उठून तपासायला जात नाही.

मग एका प्रात्यक्षिक परीक्षेला, बाहेरचे परीक्षक समोर बसलेले असताना, लॅब दोनमधल्या २३ नंबरवरच्या मुलीचा प्रोग्राम कंपाइलच होईना. कोड बरोबर होता. डिस्क गच्च भरलेली, फाइल लिहायला जागाच नव्हती. विभागप्रमुख सरांनी रजिस्टर मागवलं. २३ नंबरसमोर, चार दिवसांपूर्वीची तारीख घालून, माझ्याच अक्षरात: ३१ जीबी. सर काही बोलले नाहीत. रजिस्टर मिटलं आणि परत दिलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी काय काय वापरून बघितलं त्याचं हे परीक्षण. मुख्यतः पॉवरशेलचं (विंडोजसोबतच येणारं, कमांड लिहून मशीनकडून काम करून घ्यायचं साधन), कारण गेली तीन वर्षं तेच चालू आहे.

आधी विकतच्या वाटेबद्दल. एक विक्रेता नेटवर्कवर देखरेख ठेवणारं सॉफ्टवेअर दाखवायला आला होता. स्क्रीनवर घड्याळासारखे गोल, हिरवे-लाल दिवे, आलेख. प्रत्येक मशीनवर एक छोटा प्रोग्राम बसवायचा, माहिती गोळा करायला वेगळा सर्व्हर ठेवायचा, आणि पैसे दर मशीनमागे दर वर्षी. मला हवा होता मशीनमागे एक आकडा. खरेदी समितीने तीन कोटेशनं मागितली आणि फाइल तिथेच झोपली. मला वाईट वाटलं नाही.

मग बॅच फाइल (कमांड ओळीने लिहून ठेवलेली विंडोजची जुनी, साधी स्क्रिप्ट) लिहायला घेतली, कारण डिप्लोमाला तेवढंच शिकले होते. विंडोजमध्ये डब्ल्यूएमआयसी नावाची कमांड असायची. तिला मशीनच्या नावांची यादी दिली की ती एकेकाला जाऊन डिस्कची माहिती विचारून आणते. आणलीही, पण बाइट्समध्ये. ३१ जीबी म्हणजे ३३२८५९९६५४४. आणि बॅच फाइलचं गणित ३२ बिटांचं, २१४७४८३६४७ च्या पुढचा आकडा तिला पेलत नाही. दोन जीबीच्या वर गेलात की भागाकार सोडाच, ती आकडाच ओळखत नाही. यावर लोकांची युक्ती अशी, की आकड्याचे शेवटचे अंक मजकूर समजून कापून टाकायचे आणि उरलेल्याला एमबी किंवा जीबी म्हणायचं. मीही कापले. एका मशीनवर कमी अंक होते, तिथे काहीच उरलं नाही. म्हणजे ज्या मशीनवर जागा संपली होती नेमकी त्याचीच ओळ कोरी! असली स्क्रिप्ट नसलेली बरी. शिवाय डब्ल्यूएमआयसीला आता उतरती कळा आहे. विंडोज १० च्या २१एच१ आवृत्तीतच ती कालबाह्य म्हणून जाहीर झाली आणि नव्या विंडोज ११ मध्ये आपोआप बसवलेली येत नाही. आज नव्याने शिकणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

मार्क रुसिनोव्हिच यांच्या सिसइंटर्नल्स या विंडोजसाठीच्या छोट्या अवजारांच्या संचातलं पीएसइन्फोही बघितलं. फुकट आहे, एखाद-दुसऱ्या मशीनची विचारपूस करायला छान आहे, डिस्कचा तक्ता सुबक देतं. पण तो तक्ता डोळ्यांनी वाचायचा. मला हवं होतं की दहा जीबीच्या खालची मशीन आधी यावीत आणि बाकीची मागे.

इथे पॉवरशेल उजवं ठरतं. ते २००६ साली आलं, आणि ज्यांच्या डोक्यातून ते निघालं त्या जेफ्री स्नोव्हर यांचा मूळ मुद्दा असा होता की कमांडने मजकूर न देता वस्तू (ऑब्जेक्ट, म्हणजे नावानिशी रकाने असलेली माहिती) द्यावी. ऐकायला तत्त्वज्ञान वाटतं, वापरताना फार व्यवहारी आहे. 'गेट-सिम-इन्स्टन्स' या कमांडला 'विन३२-लॉजिकलडिस्क' मागा, सोबत 'ड्राइव्हटाइप ३' ही गाळणी लावा, की फक्त मशीनमधल्या स्थिर डिस्क मिळतात. पेनड्राइव्ह (२), नेटवर्कचे ड्राइव्ह (४) आणि सीडी (५) गळून जातात. प्रत्येक डिस्कसोबत 'साइज' आणि 'फ्रीस्पेस' येतात आणि ते खरे आकडे असतात. त्यांना '१जीबी'ने भागायचं, तेही अगदी असंच लिहून: भागिले १जीबी. १०७३७४१८२४ पाठ करायची गरज नाही. मग लहानापासून मोठ्याकडे लावायचं, वाटलं तर सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलीत) उतरवायचं. अंक कापणं नाही, रकाने मोजणं नाही. माझी पहिली चालणारी स्क्रिप्ट नऊ ओळींची होती. आजची सव्वीस ओळींची आहे, आणि वाढलेल्या सगळ्या ओळी 'मशीनने उत्तर दिलं नाही तर' या एका गोष्टीपायी आहेत. त्यावर पुढे येते.

(एक गंमत. यूएसबीने लावलेली बाहेरची हार्डडिस्कही बहुधा ३ म्हणूनच दिसते. त्यामुळे कोणी सिनेमांची डिस्क लावून बसलं असेल तर माझ्या यादीत एक आगंतुक ड्राइव्ह उगवतो. पोरांना अजून कळलेलं नाही की मॅडमना कसं कळतं.)

आता दुसरी बाजू. स्क्रिप्टच्या नऊ ओळींना एक संध्याकाळ लागली. ५२ मशीन तिचं ऐकतील अशी करायला दोन आठवडे लागले.

ज्यांच्याकडे डोमेन (सगळ्या मशीनचा कारभार एका सर्व्हरवरून) आहे त्यांचं बरंच काम वरूनच होतं. आमच्यासारख्या बहुतेक कॉलेजांत वर्कग्रुप असतो, म्हणजे प्रत्येक मशीन आपापल्या घरचं राजं. तिथे प्रत्येक मशीनवर एकदा तरी जाऊन, ॲडमिन म्हणून, 'एनेबल-पीएस-रिमोटिंग' ही कमांड द्यावी लागते. ती दूरस्थ कामाची विन-आरएम सेवा चालू करते आणि फायरवॉलमध्ये ५९८५ नंबरचं पोर्ट उघडते. लॅब एकमध्ये हे बिनबोभाट झालं. लॅब दोनमध्ये प्रत्येक मशीनने नकार दिला. त्या लॅबच्या नेटवर्क स्विचला तेव्हा इंटरनेट नव्हतं; अशा अनोळखी नेटवर्कला विंडोज 'पब्लिक' धरतं, आणि पब्लिक नेटवर्कवर असताना ही कमांड चालत नाही. नेटवर्क 'प्रायव्हेट' करून मग कमांड दिली. २६ वेळा.

माझ्या मशीनवरही एक गोष्ट करावी लागते: वर्कग्रुपमधल्या ज्या मशीनशी बोलायचं ती 'ट्रस्टेड होस्ट्स'च्या यादीत टाकायची. बरेच लोक तिथे सरळ एक तारांकन टाकून मोकळे होतात, म्हणजे जगातल्या प्रत्येक मशीनवर विश्वास. मी नावं टाकली. 'एल१' ने सुरू होणारी सगळी, 'एल२' ने सुरू होणारी सगळी, एवढं पुरतं.

एवढं करूनही लॅब दोनमधली ११ मशीन 'प्रवेश नाही' म्हणत होती. अर्धा दिवस मी केबल हलवत बसले. कारण निघालं भलतंच: या मशीनवर ॲडमिनचा पासवर्डच नव्हता, रिकामा ठेवलेला. (कोणी ठेवला? मीच, चार वर्षांपूर्वी, घाईत.) रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज फक्त समोर बसलेल्या माणसाला वापरू देतं, नेटवर्कवरून येणाऱ्याला नाही. नियम शहाणा आहे. माझीच अक्कल तेव्हा कुठे गेली होती कोण जाणे.

आणि हो, स्क्रिप्टची फाइल पहिल्यांदा डबल-क्लिक केल्यावर ती चालायच्या ऐवजी नोटपॅडमध्ये उघडते म्हणून खट्टू होऊ नका; ती पॉवरशेलच्या खिडकीतून चालवायची. तिथेही साध्या विंडोजवर स्क्रिप्ट चालवायची परवानगी मुळात बंद असते. आपल्यापुरती 'रिमोटसाइन्ड' करून घ्यायची.

पहिल्या पूर्ण फेरीचा शनिवार मला तारखेसकट आठवतो, पण तारीख सोडा. चहा ठेवला, एंटर दाबलं. 'इन्व्होक-कमांड' एका वेळी ३२ मशीनला विचारते, एकाचं उत्तर आलं की पुढच्याला. चहाला उकळी यायच्या आत यादी आली. ५२ नावं दिली होती, ओळी आल्या ३८. बाकीच्या चौदांचे लाल अक्षरात नन्नाचे पाढे. मी पहिल्यांदा जे केलं ते सगळेच करतात: लाल अक्षरं दिसू नयेत म्हणून त्रुटी दाबून टाकल्या. यादी देखणी झाली. ३८ ओळी, सगळं आलबेल.

आणि मग मला २३ नंबर आठवला. तो त्या ३८ मध्ये नव्हता. म्हणजे मी पुन्हा तेच करत होते, फक्त या वेळी पेनाऐवजी पॉवरशेलने. ज्याने उत्तर दिलं नाही ते मशीन यादीतून गायब, आणि जे यादीत नाही त्याची काळजी कोण करतो?

म्हणून आता माझी स्क्रिप्ट आलेल्या उत्तरांवरून चालत नाही, दिलेल्या नावांवरून चालते. प्रत्येक नावाला एक ओळ मिळतेच. आकडा आला तर आकडा, नाही आला तर 'उत्तर नाही', आणि ही ओळ दहा जीबीच्या खालच्या मशीनच्याही वर. 'उत्तर नाही'ला शून्य लिहायचं नाही हेही ठरवून टाकलं. शून्य म्हणजे डिस्क भरली, उत्तर नाही म्हणजे मला माहीत नाही. इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार स्क्रिप्टांपैकी बऱ्याच या जागी कच्च्या असतात. उचलण्याआधी एवढं एक तपासा: यादीत मुद्दाम एक खोटं नाव घाला आणि ते शेवटी कुठे दिसतं बघा.

उत्तर न देणाऱ्यांची कारणं फार मानवी असतात. शिपाईमामा संध्याकाळी पाचला लॅबचा मेन स्विच पाडतात. नेटवर्कवरून मशीन जागं करायची सोय असते खरी, पण तिलाही मशीनपर्यंत वीज पोचावी लागते. शेवटी मामांशी तह झाला. शनिवारी माझा फोन गेल्याशिवाय स्विच पाडायचा नाही.

एका मशीनने मात्र मला महिनाभर चकवलं. एल१-०९ एका शनिवारी १८ जीबी मोकळं दाखवी, पुढच्या शनिवारी १४०, मग पुन्हा १८. मला वाटलं कोणीतरी आठवडाभर काहीतरी भरतंय आणि पुसतंय. जाऊन बघितलं तर ९ आणि १९ नंबरची दोन्ही मशीन स्वतःला एल१-०९ च म्हणवत होती. एकावरून दुसऱ्यावर डिस्कची प्रत उतरवताना नाव बदलायचं राहून गेलं होतं. ज्याचं उत्तर आधी पोचेल तो ०९. आणि १९? तो यादीत कायम 'उत्तर नाही', मी समजत होते बंद आहे. रजिस्टर हाताने भरत असते तर हे जन्मात कळलं नसतं.

मराठी अक्षरांबद्दल बोललंच पाहिजे, कारण हे कोणी सांगत नाही. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ आणि वेगळं उतरवून घ्यायचं पॉवरशेल ७ ही दोन निराळी बिऱ्हाडं आहेत. एकाच मशीनवर सुखाने नांदतात, पण रीतीभाती वेगळ्या. ५.१ मध्ये सीएसव्ही काढताना काही सांगितलं नाही तर ती आस्की अक्षरांत (फक्त इंग्रजी अक्षरं-अंक ओळखणाऱ्या जुन्या पद्धतीत) लिहिली जाते, आणि 'मोकळी जागा' या शीर्षकाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. युटीएफ-८ (सगळ्या लिप्या सांभाळणारी पद्धत) असं मुद्दाम सांगावं लागतं. ७ मध्ये ती आपोआप युटीएफ-८ होते, पण 'ही युटीएफ-८ आहे' असं सांगणारी फाइलच्या सुरुवातीची खूण न लावता, आणि ती खूण नसली की एक्सेल मराठीचा चिवडा करतं. तिथे 'युटीएफ८बॉम' म्हणायचं. त्यात भर म्हणजे स्क्रिप्टच्या फाइलमध्येच मराठी शब्द असतील आणि ती नोटपॅडने बिनखुणेची जतन केली असेल, तर ५.१ स्वतः ती चुकीची वाचतं. मी दोन्ही ठिकाणी खूण लावते आणि देवाचं नाव घेते.

५.१ की ७? फक्त जागा मोजायची तर ५.१ पुरतं आणि ते मशीनवर आधीच असतं. ७ ची पहिली आवृत्ती मार्च २०२० मध्ये आली, ती खुल्या परवान्याची आहे आणि लिनक्सवरही चालते. मी माझ्या एका मशीनवर ७ ठेवलंय, लॅबच्या मशीनला हात लावलेला नाही.

पहिली छापील यादी सरांकडे गेली तेव्हा त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न जागेबद्दल नव्हताच. "आपण ५०० जीबीच्या डिस्क घेतल्या होत्या. इथे सगळीकडे ४६५ कशा? पुरवठादाराने ३५ जीबी खाल्ले?" नाही सर. डिस्क बनवणारे जीबी म्हणजे १०० कोटी बाइट्स धरतात, विंडोज १०७ कोटी ३७ लाखांच्या वर धरतं. माप तेच, पायली वेगळी. २४० ची एसएसडी याच हिशोबाने २२३ दिसते. आता यादीखाली ही टीप कायमची छापलेली असते.

जे येत नाही तेही सांगते. पॉवरशेल जागा किती उरली ते क्षणात सांगतं, कोणी खाल्ली ते विचारलं की घाम फोडतं. मोकळ्या जागेचा आकडा फाइल सिस्टिमकडे तयार असतो. फोल्डरचा आकार मात्र आतली एकेक फाइल मोजून काढावा लागतो. तृतीय वर्षाच्या पोरांच्या अँड्रॉइड स्टुडिओचे एमुलेटर, मोठ्या अपडेटनंतर मागे राहणारं 'विंडोज.ओल्ड', झोपेच्या सोयीसाठी अडवलेली हायबरनेशनची फाइल, पास होऊन गेलेल्या मुलांची खाती, हे नेहमीचे गिऱ्हाईक. ज्या मशीनवर लाल कंदील लागला तिथे मी अजूनही स्वतः जाऊन बसते.

याला कारण आहे. दुसऱ्या वर्षी मला हुरूप आला आणि मी मोजणाऱ्या स्क्रिप्टला पुसायलाही शिकवलं: डाउनलोड्समधलं ३० दिवसांपेक्षा जुनं सगळं साफ. ५२ मशीनवर एका एंटरने. सोमवारी चार मुलं रडवेल्या चेहऱ्याने दारात उभी. त्यांचा प्रोजेक्ट झिप करून डाउनलोड्समध्येच ठेवलेला. तिघांकडे मेलमध्ये जुनी प्रत निघाली. चौथ्याबरोबर मी आठ दिवस रोज कॉलेज सुटल्यावर बसले आणि आम्ही तो पुन्हा टाइप केला. पुसणाऱ्या ओळी त्याच दिवशी काढल्या.

उबुंटूच्या १२ मशीनचं फार लिहीत नाही, कारण तिथे काम सोपं आहे. एसएसएचची (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर शिरायच्या सोयीची) किल्ली प्रत्येक मशीनवर एकदा टाकायची आणि एका लूपमध्ये 'डीएफ' ही डिस्कची जागा सांगणारी कमांड चालवायची. फक्त पहिल्यांदा बघताना घाबरू नका: 'लूप' नावाच्या कितीतरी ओळी १०० टक्के भरलेल्या दिसतात. ती स्नॅपची (उबुंटूवर प्रोग्राम बसवायच्या एका पद्धतीची) बंद पाकिटं असतात, त्यांचं भरलेलं असणं हाच त्यांचा स्वभाव. 'स्क्वॅशएफएस' वगळा म्हणून सांगितलं की जातात. आणि जागा असूनही फाइल बनत नसेल तर 'डीएफ'ला आय जोडून आयनोड (फाइलींच्या नोंदीच्या जागा) बघा. लाखो चिल्लर फाइलींनी ते संपलेले असू शकतात.

पाचपैकी गुण द्यायचे तर कामाला साडेचार, सुरुवातीच्या मांडणीला दोन. दहाच्या आत मशीन असतील तर उठून बघून या, पायही मोकळे होतील. वीसच्या वर असतील तर दोन आठवडे घाला.

रजिस्टर अर्थातच बंद झालेलं नाही. ऑडिटला नोंदवही लागते, आणि ती हस्ताक्षरातच लागते असं कार्यालयाचं म्हणणं होतं. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर एवढं ठरलं की छापील यादी त्या पानावर डिंकाने चिकटवायची आणि सही अर्धी यादीवर, अर्धी पानावर येईल अशी करायची. दर शनिवारी करते. मामांना फोन करायच्या आधी.